पुरुष, स्वतःच्या घरी

पायकाकांना तुम्ही पाहिलेलं नसेल, पण ऐकलेलं आहे हे नक्की. सिनेमात एखादी नायिका रुसून जिन्यावरून तरातरा उतरते ना, ती नुसती दिसते. उतरतात ते पायकाका. वय अठ्ठावन्न, पोट पुढे, डोक्यावर मोजून चार केस, आणि पायांत बायकांचे टाचांचे बूट, तेही मागून कापून सैल केलेले. हे ध्यान पडद्यावरच्या आपल्या चालीला पाय देताना पाहून एका नटीला एकदा इतकं हसू आलं की तिला बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं. काकांनी वाईट वाटून घेतलं नाही. ते म्हणाले, "हसून घ्या बाई. पण तुमची चाल जरा फताडी. मी तुम्हाला सरळ चालवलंय."

या कामाला सिनेमाच्या धंद्यात फोली म्हणतात. शूटिंगच्या वेळी माइकचं सगळं लक्ष माणसांच्या तोंडाकडे. पाय, कपडे, कपबशा यांचे आवाज त्यात धड येत नाहीत. मग ते नंतर एका बंद खोलीत, समोर पडद्यावर चित्र बघत बघत, नव्याने करायचे. काकांची ती खोली स्टुडिओच्या तळमजल्यावर, मागच्या अंगाला. जमिनीत चौकोनी खड्डे केलेले. एकात वाळू, एकात खडी, एकात वाळका पाला, बाकीच्यांवर फरशी आणि लाकडी फळ्या. भिंतीला लागून बुटांचे ऐंशीएक जोड. कोपऱ्यात तीन दारं, कुठल्याही खोलीत न जाणारी, नुसती चौकटीत उभी. नव्या माणसाला वाटावं भंगाराचं दुकान आहे. "भंगारच आहे," काका म्हणत, "पण हात लावू नका. त्यातलं डावीकडचं दार फार मानी आहे."

पस्तीस वर्षं हे काम केल्यामुळे काकांना एक खोड लागली होती. रस्त्यात, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, जिथे जातील तिथे ते लोकांचे पाय ऐकत. कोण कर्जात आहे, कुणाचा गुडघा गेलाय, कुणाला घरी जायचं नाहीये, हे म्हणे त्यांना चालीवरून कळे. माणूस तोंडाने खोटं बोलतो, पण पायांना ते शिकवलेलं नसतं, असं ते छातीठोकपणे सांगायचे. लोकांकडे असं एक बोट दाखवताना उरलेली चार बोटं आपल्याकडे वळलेली आहेत, हे काही त्यांच्या लक्षात येत नसे.

कारण काकांना बायको होती. होती म्हणजे कागदोपत्री अजून आहे, आणि आपली गोष्ट त्या कागदांचीच आहे.

लग्न झालं तेव्हा काका गळ्यात रेकॉर्डर अडकवून गावभर हिंडायचे आणि दिसेल ते टिपून आणायचे. दुकानांची शटरं, नळाची धार, म्हाताऱ्यांचं खुर्चीतून उठणं. लोक नव्या बायकोचे फोटो काढतात, यांनी भांडी घासताना तिला रेकॉर्ड केलं. तिने ती टेप शेवटपर्यंत ऐकली आणि तिच्यावर चिठ्ठी लिहून डकवली: "भांडी घासणे, रागाने. नवरा शेजारी उभा आहे." त्या दिवसापासून ते काम तिच्याकडे आलं. काका टेपा आणत, ती कानाला हेडफोन लावून प्रत्येक टेप पहिल्यापासून शेवटापर्यंत ऐके आणि चिठ्ठी लिही. अक्षर छापल्यासारखं, आणि लिहिणं असं की वाचताच आवाज कानात उभा राहावा. "लाकडी जिना, चढणारी बाई, घाई नाही." "काच पुसणे, ओलं फडकं." स्टुडिओतले लोक म्हणत, पायकाकांचे पाय त्यांचे, पण डोकं घरी ठेवलेलं असतं. पुढे सगळं जग टेप सोडून कॉम्प्युटरकडे गेलं तरी ही दोघं टेपच धरून बसली होती.

आणि अशा सोन्यासारख्या संसारात या माणसाने शेण खाल्लं. मी दुसरा शब्द वापरणार नाही, काकांनीही कधी वापरला नाही.

परक्या भाषेतल्या सिनेमांना आवाज देणारी एक बाई होती. स्टुडिओत ओळख झाली, बोलणं वाढलं, जाणं-येणं सुरू झालं. लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती, मुलगी पंधरा वर्षांची होती. ती बाई जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहायची आणि तिच्या घराला जाड लाकडाचं, लोखंडी कडीचं दार होतं. नेमकं तसल्याच दाराचा आवाज एका सिनेमाला हवा होता. काकांनी काय करावं? रेकॉर्डर तिच्या घरात दाराजवळ ठेवला, चालू केला, बाहेर गेले, दार उघडून आत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. आता या धंद्यात काम झालं की मशीन लगेच बंद करत नाहीत. शेवटी थोडी शांतता घेऊन ठेवतात, ती पुढे जोडकामाला लागते. काकांनी शांतता घ्यायची म्हणून मशीन तसंच ठेवलं आणि दुसऱ्या क्षणी ते विसरूनच गेले. रोजच्यासारख्या किल्ल्या ठेवल्या, बूट काढले, आत गेले. दोनेक मिनिटांनी आठवण झाली तेव्हा येऊन बंद केलं. टेपमध्ये एक शब्दही नव्हता, त्यामुळे मनात काही आलं नाही. दुसरा कुणी असता तर चिठ्ठीचपाटीवरून सापडला असता. हा बहाद्दर पुरावा स्वतःच्या हाताने रेकॉर्ड करून, डबीत घालून, चिठ्ठी लिहायला बायकोला देऊन मोकळा झाला.

अकरा दिवसांनी स्टुडिओत ते दार हवं झालं. काचेमागे मशीनवर बसणारे गृहस्थ, ज्यांना सगळे कानसेन म्हणत, त्यांनी टेप मागितली. काकांनी डबी हातात घेऊन सवयीने चिठ्ठी मोठ्याने वाचली: "जुनं दार, जाड लाकूड, लोखंडी कडी, दोनदा. नंतर किल्ल्या ठेवणे, बूट काढणे, सपाता घालणे. पुरुष, स्वतःच्या घरी."

शेवटचे तीन शब्द काकांनी पुन्हा वाचले. अठरा वर्षं रोज संध्याकाळी ज्या बाईने तो आवाज ऐकला, तिला तो ओळखायला शब्द कशाला लागतात? किल्ल्या फळीवर टाकायच्या त्या दोनदा वाजायच्या. डावा बूट उजव्या पायाच्या अंगठ्याने ओढायचा. मग एक अर्धवट सुस्कारा. आणि मग सपाता. त्या शोधाव्या लागल्या नव्हत्या. पाय सरळ त्यांच्यात गेले होते. परक्या घरात असे पाय जात नाहीत.

घरी गेल्यावर बायकोने एवढंच विचारलं, "वाचलंत?"

"वाचलं."

"बरं."

ना आदळआपट, ना माहेरच्यांची फौज. मुलीची परीक्षा संपेपर्यंत ती त्याच घरात राहिली, स्वयंपाक केला, उरलेल्या टेपांवर चिठ्ठ्या लिहिल्या आणि परीक्षा संपल्यावर मुलीला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत राहायला गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नोकरी धरली. येणाऱ्या रोग्यांची कार्डं लिहायची, त्याच छापल्यासारख्या अक्षरात. काकांनी खूप गयावया केली, चार माणसं मध्ये घातली, पण ती बधली नाही. ते दुसरं प्रकरण तर वर्षभरही टिकलं नाही.

याला चौदा वर्षं झाली. मुलगी शिकली, नोकरीला लागली, दूरच्या शहरात संसार करू लागली. काका एकटेच राहिले. पण एका गोष्टीवर त्यांचा जीव तरंगत होता, ती म्हणजे बायकोने घटस्फोट मागितला नव्हता. "दार लोटलेलं आहे," ते स्वतःची समजूत घालत, "कडी कुठे घातलीय?"

मग एक दिवस पोस्टाने जाड पाकीट आलं. वकिलाचे कागद, तीन ठिकाणी पेन्सिलीने फुली मारलेली, आणि सोबत बायकोची चिठ्ठी. मुलीला दिवस गेलेत. महिनाअखेरीला मी तिच्याकडे कायमची राहायला जातेय. जाण्याआधी हे मिटवून टाकू. फुलीवर सह्या करा.

काकांनी ते पाकीट पिशवीत टाकलं आणि तीन आठवडे ती पिशवी खांद्यावर घेऊन हिंडले. कधी पेन नव्हतं, कधी चष्मा नव्हता, कधी दिवस बरा नव्हता. खरं कारण सरळ होतं. सही केली की बायको गेली, आणि नाही केली तर कदाचित, कुणी सांगावं, अजूनही येईल. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

आणि नेमका तेव्हाच तो सिनेमा आला.

दिग्दर्शिका वयाने काकांच्या मुलीएवढी, अंगाने काडी, पण कामाला खमकी. सिनेमा एका मोडलेल्या लग्नाचा. नवऱ्याचं बाहेर काही चालू आहे, बायकोला ते कळतं, पुढे दोघं वेगळी होतात. सगळा सिनेमा एका सीनवर उभा होता. बायकोला नवऱ्याच्या कोटात हॉटेलची पावती सापडते. ती पावती घडी करून परत खिशात ठेवते, बोळातून स्वयंपाकघरात जाते, कपाटातून पेला काढते, पाणी पिते, पेला ओट्यावर ठेवते आणि परत येते. बोलणं नाही, संगीत नाही. कॅमेरा सगळा वेळ तिच्या चेहऱ्यावर आणि चेहरा कोरा. म्हणजे तिच्या मनात काय चाललंय ते सांगायची सगळी भिस्त पायांवर.

काकांनी बायकी चपला चढवल्या आणि पहिल्या टेकला तिला दाणदाण चालवली.

"ही भांडायला निघालीय काका," दिग्दर्शिका म्हणाली. "ती भांडत नाही."

दुसऱ्या टेकला पाय ओढत नेले. "आता आजारी वाटते."

तिसऱ्याला पावलं अडखळवली. "आता प्यायल्यासारखी."

काचेमागे कानसेनांना हसू फुटलं. काकाही हसले. पण सातव्या, आठव्या टेकपर्यंत हसणं आटलं आणि अकराव्याला काका घामाघूम होऊन खडीच्या खड्ड्याच्या कडेला बसले. पस्तीस वर्षांत त्यांचं घोडं असं कधी अडलं नव्हतं. दिग्दर्शिका जवळ येऊन बसली. तिच्या मनात वाकडं काहीच नव्हतं, काकांची हकीगत तिला ठाऊकही नव्हती.

"तुम्ही एवढे पाय ऐकलेत, म्हणून विचारते," ती म्हणाली. "घरात असं काही कळल्यावर बाई कशी चालत असेल हो?"

कानसेन काचेमागे उगाचच बटणं पुसू लागले. जगातल्या यच्चयावत पायांची खबर ठेवणाऱ्या या माणसाला ते माहीत नव्हतं. आपल्याच घरात ती पावलं पडली होती आणि त्यांनी ती ऐकली नव्हती. टेप ऐकून झाल्यावर ती उठली असेल, कुठेतरी गेली असेल. कुठे? कशी? चौदा वर्षांत हा प्रश्न त्यांनी तिला विचारला नव्हता, स्वतःलाही नाही. आपण तेव्हा स्टुडिओत असू, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

"एका माणसाला विचारून सांगतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. खोटं कशाला बोला, अर्धा हेतू कामाचा होता आणि अर्धा वेगळा. सदरा इस्त्रीचा होता. बायको खिडकीपाशी टेबलावर कार्डं लिहीत होती. केस बरेच पांढरे झाले होते, चष्मा आला होता, पाठ मात्र तशीच ताठ.

"बसा," ती म्हणाली. "नंबर वाढला का?"

"नाही. काम होतं."

"कागद आणलेत?"

"पिशवीत आहेत."

"सह्या करून?"

काकांनी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहिलं. खालची ओळ दिसत नव्हती. "एक सीन अडलाय," ते म्हणाले, आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. सिनेमा, पावती, पेला, अकरा टेक.

बायकोने मधल्या वेळात दोन कार्डं पुरी केली. मग टोपण लावून पेन खाली ठेवलं. "म्हणजे मी कशी चालले, ते मी तुम्हाला शिकवायचं."

काका मान खाली घालून बसले. बायकोला राग यायला हवा होता, आलाही असेल, पण तिने त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहिलं आणि तिला जरा गंमत वाटल्यासारखं दिसलं.

"गुरुवारी अर्धा दिवस असतो मला," ती म्हणाली. "दोन वाजता येईन. सह्या करून ठेवा."

गुरुवारपर्यंत काकांना चैन पडलं नाही. त्यांनी खोली झाडली, बूट ओळीने लावले, जुन्या टेपांचं कपाट पुसून काढलं. ते कपाट तिला दिसावं, तिची अक्षरं तिला दिसावीत, अशा बेताने तिची खुर्ची मांडली. काम झाल्यावर काय बोलायचं तेही ठरवलं. फार काही नाही, दोनच शब्द. परत ये. आरशासमोर म्हणून पाहिले तेव्हा बरे वाटले.

ती बरोबर दोनला आली. दिग्दर्शिकेला नमस्कार केला, कानसेनांना "बरे आहात ना" म्हणाली, कपाटाकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची जराशी फिरवून पडद्याकडे तोंड करून बसली. काका चपला चढवून तयारीत उभे होते. सीन आवाजाविना लावला. संपल्यावर ती म्हणाली, "पुन्हा लावा." दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर तिने विचारलं, "हिचा नवरा कुठे आहे?"

"आतल्या खोलीत," दिग्दर्शिका म्हणाली. "पेपर वाचत पडलाय."

"मग ती पायाचा आवाज होऊ कसा देईल?"

"तिला त्याचं काय आता? ती चिडलेली असणार ना?"

"चीड नंतर येते," बायको म्हणाली. "दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवशी हे आत झोपले होते."

दिग्दर्शिकेला आधी कळलंच नाही. मग तिने काकांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि मांडीवरची वही मिटून टाकली.

"मी घरात होतो?" काकांनी विचारलं.

"होतात." ती पडद्याकडेच बघत बोलत होती, आवाज नेहमीचा, कार्ड वाचून दाखवावं तसा. "मी टेप तीनदा ऐकली. हेडफोन काढले तेव्हा तुमचं घोरणं ऐकू आलं. मला पाणी हवं होतं. स्वयंपाकघरात जायचं तर तुमच्या खाटेशेजारून जावं लागायचं, आणि ती मधली फरशी हलायची. ती फरशी टाळून गेले. टाच टेकवली नाही. कपाटाचं दार वाजायचं म्हणून ते वर उचलून उघडलं. पाणी प्यायले. पेला ठेवताना खाली बोट धरलं, म्हणजे ओट्यावर वाजत नाही. तशीच परत आले आणि चिठ्ठी लिहिली."

कानसेनांनी काचेमागे चष्मा काढला.

"तुम्ही चालून दाखवाल का?" शेवटी दिग्दर्शिकेने हळूच विचारलं.

"नाही बाई. मी एकदा चाललेय. आता हे चालतील."

काकांनी चपला काढल्या. अनवाणी फरशीवर जाऊन उभे राहिले. सीन सुरू झाला आणि पायकाका, ते अवजड, पोट सुटलेले पायकाका, टाचा वर धरून निघाले. मध्ये एक फरशी सोडली. कपाटाचं दार वर उचलून उघडलं. घोटभर पाणी प्यायले. पेला ठेवताना खाली करंगळी घातली, मग ती अलगद काढून घेतली. जन्मभर आवाज करण्यावर पोट भरलेला माणूस आवाज होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होता, कारण आत कुणीतरी झोपलं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे ते स्वतःच होते. परत येतानाही त्यांनी टाच टेकू दिली नाही.

"काहीच ऐकू येत नाहीये," कानसेन स्पीकरमधून म्हणाले. "नुसता श्वास येतोय."

"तोच ठेवा," दिग्दर्शिका म्हणाली.

एकाच टेकमध्ये काम झालं. दिग्दर्शिकेने बाईंचा हात हातात घेतला, दाबला आणि ती कानसेनांकडे निघून गेली. काकांनी बूट घातले, पिशवी घेतली आणि बायकोला सोडायला बाहेर आले. स्टुडिओच्या मागच्या दाराशी एक बाक आहे, तिथे दोघं बसली. ऊन होतं. समोरच्या भिंतीला रंगारी शिडी लावून काम करत होता.

ते दोन शब्द काकांनी पाठ करून ठेवले होते. आता ते कुठल्या तोंडाने म्हणणार?

"कुठला वार होता?" त्यांनी विचारलं.

"रविवार."

"मी उठल्यावर?"

"चहा मागितलात."

"दिलास?"

"दिला."

"काही बोललो का मी?"

तिने आठवून पाहिलं. "पडदे धुवायला झालेत म्हणालात."

काकांनीही आठवून पाहिलं. डोळे मिटून, कपाळाला हात लावून, मनापासून. त्या घरातले कितीतरी रविवार त्यांना आठवले, पण तो सापडेना. तिचं आयुष्य ज्या दुपारी उलटंपालटं झालं, ती दुपार त्यांच्याकडे नव्हतीच. चहा प्यायला असेल, पडद्यांचं बोलले असतील, आणि संध्याकाळी बूट घालून बाहेर पडले असतील. कुठे, तेही सांगायला नको. आजवर त्यांना वाटत होतं की आपल्या हातून चूक घडली, तिची शिक्षा झाली, आता पुरे. शिक्षा कसली, त्यांना त्या दिवसाचा पत्ताच नव्हता.

त्यांनी पाकीट काढलं, मांडीवर पिशवी आडवी घेतली आणि पेन्सिलीच्या तिन्ही फुल्यांवर सह्या केल्या. बायकोने एकेक पान उलटून तपासलं, सवयच तिला ती, आणि कागद पाकिटात घालून पर्समध्ये ठेवले.

"मुलीला सांग, बाळ झाल्यावर येईन बघायला," काका म्हणाले. "चालेल ना?"

"या की. तुमचंही नातवंड आहे."

ती उठली. काका बसूनच राहिले. ती चार पावलं गेली तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"मला उठवलं का नाहीस तेव्हा?" ते म्हणाले. "गदागदा हलवून उठवायचंस. भांडायचंस. पाणी ओतायचंस अंगावर. कशाला एवढं जपून चाललीस?"

बायको थांबली. हा प्रश्न तिच्याही मनात कधी आलेला नसावा, कारण ती खरंच विचारात पडली. रंगाऱ्याने शिडी उचलून पुढे सरकवली आणि ती मागे वळली.

"आधीच्या दोन रात्री तुमचं काम चाललं होतं," ती म्हणाली. "दमला होतात हो तुम्ही."